आजीच्या पेटीतली नाणी: छंद करायचा की पैसे करायचे? नवीन लोकांसाठी अगदी सुरुवातीपासून

२०१९ च्या दिवाळीत नांदेडच्या घरी साफसफाई करताना आजीची लोखंडी पेटी उघडली आणि तिच्यात लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली नाणी निघाली. अकरा चांदीची, बाकी तांब्याची, पितळेची, अल्युमिनियमची मिळून चाळीसेक असतील. घरात सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, याचे किती येतील? मी पण तेच विचारत होते खोटं कशाला बोलू. त्यानंतरच्या वर्षांत मी या नाण्यांच्या नादात बरंच फिरले, शिकले, पैसे घालवले, थोडे कमावले पण. आता ओळखीतलं कोणी ना कोणी सारखं फोटो पाठवून विचारतं की ताई हे किती लाखाचं आहे, म्हणून सगळं एकदाच लिहून काढते. क्रमाने वाचा, मधेच उडी मारून सातव्या पायरीवर जाऊ नका, कारण आधीचं माहीत नसेल तर तिथं नुकसानच होतं.

१. आधी दोन डबे करा

खरोखरचे दोन डबे. एकात जी नाणी तुम्हाला ठेवायची आहेत ती, दुसऱ्यात जी विकायला हरकत नाही ती. वहीत पण दोन भाग करा. हे मी पहिल्या नंबरवर का लिहिते, तर छंद आणि धंदा एकाच डब्यात ठेवला की दोन्ही बिघडतं. छंदाचं नाणं घेताना आपण मनाला आवडलं म्हणून चार पैसे जास्त देतो, ते बरोबरच आहे, पण मग स्वतःला सांगतो की "पुढे भाव येईल" आणि हिशोब कधी करतच नाही. उलट विकायला घेतलेल्या नाण्यात जीव अडकतो आणि चांगला भाव आला तरी ते सुटत नाही.

छंदाला महिन्याचा आकडा ठरवा, जसा आपण पुस्तकांना किंवा सिनेमाला ठरवतो तसा. गेलेले पैसे परत येणार नाहीत असं धरून चाला. धंद्याच्या डब्यात पहिलं वर्षभर एक रुपया पण घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. घरातून निघालेली नाणी दोन्हीतल्या कुठल्याच डब्यात लगेच टाकू नका, ती आधी नुसती बघा.

२. घासू नका. धुवू नका. पितांबरी तर अजिबात नाही

आमच्या आईने त्या अकरापैकी सहा नाणी चिंच आणि पितांबरी लावून लख्ख केली. तिला वाटलं देवाची भांडी करतो तसंच आहे, आणि मलाही तेव्हा ती छानच दिसली होती. पुण्यात एका जुन्या व्यापाऱ्याकडे घेऊन गेले, त्या काकांनी भिंग लावलं, एकेक नाणं कडेने धरून उजेडात फिरवलं आणि सहा एका बाजूला, पाच दुसऱ्या बाजूला काढून ठेवली. म्हणाले, "ताई, ही सहा वजनावर जातील, ही पाच नाण्यावर." घासलेल्या नाण्यावर केसासारख्या बारीक रेघा पडतात आणि टांकसाळीतून आलेली मूळ झळाळी जाते, ती परत आणता येत नाही. चांदीवरचा काळपट निळसर थर आणि तांब्यावरचा तपकिरी रंग म्हणजे घाण नव्हे, तेच जुनेपण आहे आणि संग्राहक त्याचेच पैसे देतात.

माती चिकटली असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये रात्रभर ठेवा, काढा, मऊ कपड्यावर नुसतं टेकवून सुकवा, पुसू नका. चिकटपणा असेल तर शुद्ध ॲसिटोन चालतं (नेलपॉलिश रिमूव्हर नाही, त्यात रंग नि वास मिसळलेला असतो), पण खिडकी उघडी ठेवा आणि गॅसपासून लांब करा. याच्या पलीकडे काहीही करू नका.

३. काय काय सामान लागतं

खर्च फार नाही.

- दहापट मोठं दिसणारं भिंग, घड्याळवाले वापरतात तसं
- ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा
- व्हर्नियर, व्यास आणि जाडी मोजायला
- एक साधं लोहचुंबक
- नाण्यांचे पुठ्ठ्याचे होल्डर किंवा प्लास्टिकच्या गोल कॅप्सूल, आणि सिलिका जेलच्या पुड्या
- एक जाड वही

कागदपत्रांमध्ये प्रत्येक खरेदीची पावती, मग ती साध्या कागदावर का असेना. पुढे लिलावात विकायचं किंवा घ्यायचं असेल तर पॅन कार्ड, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि बँकेचे तपशील मागतात. घरातून आलेली नाणी असतील तर कोणाकडून कधी आली हे लिहून सही करून ठेवा, वाटण्यांच्या वेळी भांडण होत नाही.

४. नाणं वाचायला शिका

हा सगळ्यात मोठा भाग आहे आणि खरं सांगायचं तर सगळी मजा इथंच आहे.

वजनापासून सुरू करा. ब्रिटिशांचा चांदीचा रुपया, म्हणजे १८३५ पासून पुढचा, ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एक तोळाच, आणि त्यात ९१.७ टक्के चांदी. १९४० पासून चांदी अर्ध्यावर आणली, आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा आहे, तो चुंबकाला चिकटतो. त्यामुळे "राणीछाप-राजाछाप म्हणजे सगळी चांदी" हे डोक्यातून काढा, साल बघा.

आमच्या पेटीतल्या अकरापैकी सात ब्रिटिश नव्हतेच. ११.१८ ग्रॅम भरले आणि मी घाबरले, म्हटलं हे खोटे आहेत. ते निघाले हाली रुपये! मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तिथला रुपया वेगळा होता, थोडा हलका, चांदी ८१.८ टक्के (हेही आधीच्यांचं, युद्धाच्या काळात त्यातली चांदी पण कमी केली). त्यावर चारमिनार आहे आणि चारमिनारच्या कमानीत एक अक्षर असतं. फार्सी मीम असेल तर निजाम महबूब अली खान, ऐन असेल तर त्यांच्यानंतरचे निजाम उस्मान अली खान. मला फार्सी येत नाही, पण दोन अक्षरं नि दहा आकडे एका रविवारी पाठ झाले. एक घोटाळा मात्र आपल्या लोकांचा हमखास होतो: फार्सी पाच आपल्या शून्यासारखा गोल दिसतो आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता टिंब. मी कितीतरी दिवस चुकीची सालं वाचत होते. साल हिजरी असतं, त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा, साधारण इसवी सन येतो. हिजरी १३३० म्हणजे १९१२ च्या आसपास.

मराठवाडा, जुन्या संस्थानांचा भाग, गोवा अशा ठिकाणी घर असेल तर घरात तिथलंच नाणं निघायची शक्यता जास्त. गोव्याच्या घरांत पोर्तुगीजांचे रुपिया आणि तांगा निघतात (सोळा तांग्यांचा एक रुपिया), आणि शेवटच्या दोनचार वर्षांतले एस्कुदो पण. मराठ्यांच्या टांकसाळींतले रुपये तर बहुतेक मुघल बादशहाच्या नावाने, फार्सीत पाडलेले आहेत, त्यामुळे फार्सी दिसली म्हणून "हे आपलं नाही" म्हणून देऊन टाकू नका, अंकुशाची खूण असलेला अंकुशी रुपया पेशवाईतलाच असतो.

शिवराईबद्दल जरा थांबून सांगते कारण सगळ्यात जास्त प्रश्न तिच्याबद्दल येतात आणि सगळ्यात जास्त भावना पण तिच्यातच असतात. एका बाजूला तीन ओळींत "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या बाजूला "छत्र पति". १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई सुरू केली. पण शिवराई त्यांच्यानंतरही, पार पेशवाई संपेपर्यंत आणि पुढेही पाडली जात होती, तेच नाव घालून. त्यामुळे हातात शिवराई आली म्हणजे ती महाराजांच्या हयातीतली असं होत नाही. मधे दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई नंतरच्या काळातली. अक्षराची वळणं, वजन, टिंबांची किनार यावरून अभ्यासक काळ ठरवतात आणि त्याला वर्षं जातात. कुणी तुम्हाला पाच मिनिटांत "ही रायगडावर पाडलेली" म्हणून सांगून भाव वाढवला तर नाणं खाली ठेवा.

स्वातंत्र्यानंतरच्या नाण्यांत सालाखालची खूण बघा. चौकट असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल टिंब असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. नवीन माणसाने इथूनच सुरुवात करावी असं मी सांगेन. १९५७ मध्ये दशमान पद्धत आली, आधी "नये पैसे" लिहायचे, मग १९६४ पासून नुसते "पैसे". तीन पैसे, वीस पैशांचं पिवळं कमळ, आणि त्याच्याही आधीचा युद्धकाळातला भोकाचा पैसा, हे अजूनही किरकोळ किमतीत मिळतं आणि एकेक साल, एकेक टांकसाळ जमवत गेलं की हात आणि डोळा दोन्ही तयार होतात.

पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया मिळाला तर राजाच्या झग्यावरची साखळी भिंगातून बघा. तिच्यावरचा हत्ती इतका आखूड सोंडेचा आला होता की लोकांना ते डुक्कर वाटलं, मोठी नाराजी झाली, आणि १९१२ पासून हत्ती नीट करून घेतला. दोन्ही सालं शेजारी ठेवून हे पहिल्यांदा बघितलं त्या रात्री मी बाराला झोपले.

बघायला कुठे जायचं? मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं नाण्यांचं दालन, आणि नाशिकजवळ अंजनेरीची नाण्यांवर संशोधन करणारी संस्था, तिथलं संग्रहालय तर प्रत्येकाने बघावं. ऑनलाइन ओळख पटवायला नुमिस्टा ही वेबसाइट चांगली आहे, फुकट आहे.

५. लाखाची जाहिरात आली की काय करायचं

काहीच करायचं नाही, बंद करायची. वैष्णोदेवीचं पाच-दहा रुपयांचं नाणं, ट्रॅक्टरवाली पाच रुपयांची नोट, ७८६ नंबरची नोट, यांना लाखो रुपये मिळतात असं सांगणारे व्हिडिओ सारखे फिरत असतात. वैष्णोदेवीचं नाणं २०१२ चं आहे, सुट्ट्या पैशात मिळणारं नाणं. ते जपून ठेवायला छान आहे, पण लाख रुपये देणारा माणूस अस्तित्वात नाही.

पद्धत कशी असते ते नीट समजून घ्या कारण माझ्या मावसभावाचे यात पैसे गेले. तुम्ही फोटो टाकता, लगेच फोन येतो, समोरचा अगदी गोड बोलतो, भाव न करता तुमची किंमत मान्य करतो. मग ओळखपत्राचा फोटो येतो, रिझर्व्ह बँकेचा शिक्का मारलेलं पत्र येतं. मग पहिली फी, रजिस्ट्रेशनची, अगदी थोडी. मग फाइल चार्ज, मग जीएसटी, मग "गाडी निघाली आहे, इन्शुरन्सचे भरा, सगळं रिफंडेबल आहे." आधी भरलेले बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरत जातो. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ ला जाहीर सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आम्ही नाही, कुठलंही कमिशन किंवा शुल्क घेत नाही, आणि आमच्या वतीने घ्यायला कोणाला अधिकारही दिलेला नाही. एवढं एकच लक्षात ठेवा, विकणाऱ्याकडून आधी पैसे मागणारा खरेदीदार नसतोच. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करून पिन टाकावा लागत नाही. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइन नंबरला फोन करा, जितका उशीर तितकं ते परत मिळणं अवघड.

६. पहिली खरेदी

पहिली खरेदी प्रदर्शनात किंवा दुकानात समोर बसून करा, ऑनलाइन नको. पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार इथं फिरायला जरूर जा, मला आजही आवडतं, पण पहिलं वर्षभर तिथून चांदी आणि शिवराई घेऊ नका. मी घेतली होती. ताटलीत मातीत माखलेल्या शिवराया, शेतात सापडल्या म्हणून सांगणारा म्हातारा माणूस, मी तीन घेतल्या आणि घरी येऊन भिंगाखाली धरल्या तर तिन्हींवर एकाच जागी एकच खड्डा. हाताने ठोकून पाडलेली तीन नाणी इतकी एकसारखी असूच शकत नाहीत, ती साच्यात ओतलेली होती.

ओतीव नाणं ओळखायचं तर कडेला बारीक जोडरेघ शोधा, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खळगे, अक्षरं साबणासारखी बोथट, वजन कमी-जास्त. १९३९ चा चांदीचा रुपया खरोखर दुर्मीळ आहे आणि म्हणूनच १९३८ च्या आठाचा नऊ करून विकतात, शेवटचा आकडा भिंगाशिवाय घ्यायचाच नाही. आणि १८१८ चं ईस्ट इंडिया कंपनीचं रामदरबाराचं किंवा हनुमानाचं आण्याचं नाणं! कंपनीने असं नाणं कधी काढलंच नाही, ते नंतर कुणीतरी बनवलेले बिल्ले आहेत. देवघरात ठेवा, श्रद्धा आहे तर आहे, पण नाणं म्हणून पैसे देऊ नका.

७. आता पैशाचं गणित

नाण्याच्या तीन किमती असतात. त्यावर छापलेली, धातूची, आणि संग्राहक देईल ती. पंचवीस पैशांपर्यंतची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, म्हणजे छापलेली किंमतही उरली नाही, आणि ती इतकी प्रचंड पाडली होती की संग्राहकालाही फारशी नकोत. घराघरांतल्या डब्यांत बहुतेक हेच असतं, वाईट वाटून घेऊ नका.

ब्रिटिश रुपयात ११.६६ ग्रॅमच्या ९१.७ टक्के म्हणजे १०.६९ ग्रॅम चांदी. १९४० पासूनच्या चांदीच्या रुपयात ५.८३. आजचा चांदीचा भाव बघा आणि गुणा, ही तुमची खालची पायरी, याच्या खूप खाली कोणी मागत असेल तर उठून या. पंचम जॉर्जची सहज मिळणारी सालं या धातूच्या भावाच्या थोडीच वर जातात. म्हणजे ती घेणं हे खरं तर चांदी घेणं आहे, चांदी वाढली तर ती वाढतील, यात नाण्याचं ज्ञान काही कामाला येत नाही. ज्याला नुसती चांदीत गुंतवणूक करायची त्याने सरळ चांदी घ्यावी, नाण्याला जास्तीचे का द्यायचे?

खरी वाढीव किंमत येते ती दुर्मीळपणा आणि कंडिशन या दोन्हींमुळे, एकामुळे नाही. तेच साल, तीच टांकसाळ, पण एक झिजलेलं आणि दुसरं यूएनसी, म्हणजे न वापरलेलं, यांच्या भावात कित्येक पटींचा फरक पडतो. छपाईत चुकलेली नाणी पण मागणीत असतात, उदाहरणार्थ दोन्ही बाजूंना एकच चित्र, एकीकडे सुलटं आणि दुसरीकडे खोलगट उलटं, त्याला आपल्याकडचे व्यापारी लखी म्हणतात. ठोकून, घासून केलेल्या बनावट चुका पण तितक्याच आहेत.

आणि मग घेण्या-विकण्यातलं अंतर. मी १२०० ला घेतलेलं नाणं दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या दुकानात दाखवलं तर ७०० सांगितले. तो फसवत नव्हता, त्याचं दुकान, भाडं, गिऱ्हाईक येईपर्यंतचे महिने, सगळं त्यात आहे. लिलावात विकलं तर विक्रेत्याकडून कमिशन, खरेदीदाराकडून हातोड्याच्या भावावर (म्हणजे शेवटच्या बोलीवर) प्रीमियम आणि जीएसटी, आणि नाणं दिल्यापासून पैसे हातात पडायला कित्येक महिने. अडीनडीला उपयोगी पडेल म्हणून यात पैसे टाकू नका, सोनं ज्या दिवशी विकता येतं तसं हे विकता येत नाही. टांकसाळीकडून येणारे स्मारक नाण्यांचे संच सुंदर असतात, मी घेते, पण ते पहिल्या डब्यात. दुप्पट होतील म्हणून घेतलेले लोक नंतर घेतल्या भावालाही विकू शकले नाहीत हे मी जवळून बघितलंय.

मग कमावतं कोण? ज्यांना एक छोटासा तुकडा खोलवर माहीत आहे ते. एका संस्थानाची तांब्याची नाणी, एका राजाचे रुपये, असं. सरमिसळ नाण्यांच्या ढिगात जे दुसऱ्याला दिसत नाही ते त्यांना दिसतं. मी स्वतः हाली नाणीच करते, दुसऱ्या डब्यातून आतापर्यंत जे विकलं ते सगळं तेच, आणि आलेल्या पैशातून छंदाचा खर्च बराचसा निघतो. पगार सोडण्यासारखं त्यात काही नाही.

८. कायद्याचं थोडकं पण महत्त्वाचं

शेतात, घराच्या पायात नाणी सापडली तर ती आपोआप आपली होत नाहीत. १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं की कलेक्टरला कळवावं लागतं. गपचूप विकणारा आणि घेणारा दोघेही अडचणीत येतात, शिवाय हंड्यासकट जागेवर मिळालेल्या नाण्यांतून जो इतिहास कळतो तो कायमचा जातो, मला याचं फार वाईट वाटतं.

शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुराणवस्तू ठरतं. ते देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेत, दुबईत राहणाऱ्यांनी हे नीट वाचा, आजीची आठवण म्हणून १९०१ चा रुपया पर्समध्ये टाकून विमानतळावर जाऊ नका. नाणं शंभर वर्षांपेक्षा नवीन असेल तर पुरातत्त्व खात्याकडून ते पुराणवस्तू नसल्याचं प्रमाणपत्र घेता येतं. अशा जुन्या नाण्यांच्या विक्रीचा धंदाच करायचा ठरवलात तर परवाना लागतो. आणि चालू नाणी वितळवणं गुन्हा आहे.

९. जपणूक आणि वही

मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात नाणी ठेवू नका, त्यातून हिरवा चिकट थर सुटतो. रबरबँड लावू नका, चांदी काळी पडते. पावसाळ्याआधी सिलिका जेल बदला, कोकणात तर दर महिन्याला. नाणं नेहमी कडेने धरा आणि खाली टॉवेल पसरून.

वहीत प्रत्येक नाण्याला नंबर द्या आणि लिहा: काय आहे, साल, वजन, कोणाकडून, किती रुपयांना, कुठल्या डब्यात. शेवटी एक पान घरच्यांसाठी ठेवा, माझ्यामागे विकायचं झालं तर आधी काय, कोणाला विचारायचं, आणि घासायचं नाही हे मोठ्या अक्षरात. ही वही कुठे आहे ते घरात दोघांना तरी माहीत पाहिजे.

माझ्या वहीतली पहिली नोंद अशी आहे: नंबर १, हाली रुपया, ऐन, हिजरी १३३०, वजन ११.१५, आजीच्या पेटीतून, घासलेला, पहिला डबा, विकायचा नाही.